सतरा दिवसांची खोटी हवा

इंदूआत्याचा पाय मुरगळला तेव्हा दुपारचे अडीच वाजायला एक मिनिट कमी होतं. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण ती मागच्या अंगणात धावत निघाली होती ती अडीचचाच आकडा घ्यायला. पायऱ्या तीनच होत्या, पण तिसरीवर आईने दिवाळीच्या चिवड्याचे पोहे उन्हात घातले होते. आत्याने पोहे वाचवले आणि घोटा घालवला. आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली, मी ओटीवरून धावले, आणि अंगणात बसकण मारलेली आत्या चेहरा वाकडा करून मला म्हणाली, "कुमुद, माझ्याकडे काय बघतेस, घड्याळाकडे बघ. आधी सुका वाच, मग ओला. आणि पेटीत श्वास सोडू नकोस."

पेटी म्हणजे चहाच्या खोक्याच्या फळ्यांची, चारी बाजूंनी फटी ठेवून केलेली आणि पांढरा रंग दिलेली एक पेटी. ती अंगणाच्या मधोमध खांबावर बसवलेली होती आणि नवख्या माणसाला वाटे, आम्ही कबुतरं पाळतो. आत फॅरनहाइटचे दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले. एक उघडा, तो सुका. दुसऱ्याच्या तळाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या शिशीत सोडलेलं, तो ओला. वातीतलं पाणी उडत राहतं, म्हणून ओला सुक्यापेक्षा थंड. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि दोघांच्या आकड्यांत अंतर पडतं. हवा दमट असली की पाणी उडायला तयार नसतं, मग दोघे जवळ येतात. आईला हे एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे जावाजावांसारखंच की. मोकळं असलं की लांब लांब, कोंदट झालं की एकमेकींच्या अंगावर."

आत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. ठाण्यातच मुलींच्या सकाळच्या शाळेत शास्त्र शिकवायची आणि आमच्याकडेच नौपाड्यात राहायची. वय तेहेतीस. तिच्या लग्नाचा विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि ते तिनेच ठरवलेलं होतं. अण्णा कचेरीत कारकून होते. शांत माणूस, पण बहिणीची चेष्टा करायची संधी सोडायचे नाहीत. सकाळी साडेसातचा आकडा घेऊन आत्या आत आली की वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचे, "काय म्हणतेय हवा? आहे ना अजून?"

हे आकड्यांचं खूळ शिरलं गोमाबाईमुळे. गोमाबाई बाळकुमहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालत यायची, आमच्या ओटीवर पाटी उतरवायची आणि पहिला घोट पाणी पिऊन मगच बोलायची. एका सकाळी पदराने वारा घेत ती म्हणाली, "बाय, बालकुमशी निंगतंय तवा पदर अंगाला लपेटून घेतंय, नि तुमचे नौपाऱ्यान येतंय तवा त्याच पदरानं वारा घेतंय."

आई हसली. "अगं, चालून चालून घाम येतो तुला."

"चालतंय तर धा वरसं," गोमाबाई म्हणाली. "ह्या नव्या घरा झाल्यावरच असा होतंय." रस्त्याच्या तोंडाशी नुकतीच चार पक्की घरं झाली होती.

आत्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवशी ती शाळेला उशिरा गेली, जे तिच्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

तेव्हा आमच्या मागच्या दगडी गडग्यापलीकडे एक तळं होतं आणि तळ्यापलीकडे भाताचं शेत. तळ्याला नाव नव्हतं, मागचं तळं म्हणायचे. संध्याकाळी दिवे लागले की तिकडून एक गारवा यायचा, अगदी पावलांनी चालत आल्यासारखा. आधी ओटीला लागायचा, मग माजघराला. बेडकांचा आवाज इतका, की अण्णांना जेवताना वाढण्यासाठी हाताने खूण करावी लागे. तळं बुजवून आणि शेत मोडून तिथे इमारती होणार, हे सगळ्या नौपाड्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना आनंदच होता. डास जातील, पक्की घरं होतील, नळ येतील. अण्णांनीही तिथे होणाऱ्या एका इमारतीत जागेसाठी नाव घातलं होतं. स्लॅबचं घर हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारत, की आई म्हणायची, मुलीचं नावसुद्धा इतक्या प्रेमाने ठेवलं नव्हतं यांनी.

आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की तळं जायचं असेल तर जाऊ दे, पण जायच्या आधी मोजलं पाहिजे. गेल्यावर मोजून काय उपयोग, ताडून बघणार कशाशी? मुंबईतल्या एका कॉलेजात जुनं सामान काढून टाकत होते, तिथून तिने थर्मामीटरच्या दोन जोड्या मिळवल्या. चारही एका बादलीत बुडवून तासभर ठेवले, सारखेच दाखवतात याची खात्री केली, एक जोडी आमच्या अंगणात लावली आणि दुसरी पाठवली डोंबिवलीला. कारण जिथे काही बांधलं जाणार नाही अशी एक जागा तिला हवी होती, आणि डोंबिवलीत कोण कशाला काय बांधेल, असं तिला वाटलं. हे वाक्य मी आज लिहिते आहे आणि हसू आवरत नाही. पण तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, चार गल्ल्या आणि त्यापुढे नजर पोचेल तिथवर भात.

डोंबिवलीची जोडी ज्यांच्याकडे गेली ते साठे मास्तर. तिथे घराजवळच्याच शाळेत गणित शिकवायचे, आत्याच्या शाळेतल्या एका बाईंचे लांबचे नातलग होते आणि आत्याने त्यांना पाहिलेलं नव्हतं. दर शनिवारी त्यांचं पोस्टकार्ड यायचं, आठवड्याचे बेचाळीस आकडे आणि खाली एक ओळ. "गुरुवारी दुपारी पेटीत सरडा आढळला, आकडा घेण्यापूर्वी त्यास बाहेर काढले." आत्याचं कार्ड सोमवारी जायचं, तसंच, बेचाळीस आकडे आणि एक ओळ. तीन वर्षं हे चाललं. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे ती सगळी मी वाचली आहेत, आणि शपथेवर सांगते, त्यांत हवेखेरीज काही नव्हतं.

पहिल्या वर्षी नौपाडा आणि डोंबिवली जवळजवळ हातात हात घालून चालले. दुसऱ्या वर्षी बैलगाड्यांनी मुरूम आला आणि तळं बुजलं. सगळ्यात आधी बेडूक गेले. मग दिवसभर खडी फोडण्याचा आवाज, आणि शेताच्या जागी चर खणलेले. तिसऱ्या वर्षी दोन इमारती उभ्या राहिल्या आणि आकड्यांत ते दिसायला लागलं. दुपारी आमच्याकडे ओल्या-सुक्यातलं अंतर डोंबिवलीपेक्षा वाढलं, म्हणजे हवा कोरडी झाली. आणि संध्याकाळी सातला डोंबिवली निवून बसलेली असायची तेव्हा नौपाडा अजून तापलेलाच. दिवसभर खाल्लेलं ऊन त्या भिंती सावकाश परत देत. आत्या वही पुढे घेऊन बसली की तिचे गाल लाल होत. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिवाळीनंतर तिचं भाषण ठेवलं होतं, 'आपल्या गावाची हवा' या विषयावर. पहिल्यांदाच एक बाई तिथे शास्त्रावर बोलणार होती, त्यामुळे नौपाड्यात त्याची चर्चा होती, आणि ती सगळीच काही चांगली नव्हती.

आणि नेमका घोटा सुजला. वैद्यांनी आंबेहळदीचा लेप दिला आणि तीन आठवडे पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. आत्या मागच्या खोलीत खिडकीशी पलंगावर, पाय उशीवर. खिडकीतून अंगण दिसे पण पेटीचं दार पलीकडच्या बाजूला होतं. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून तिन्ही वेळचे आकडे माझ्याकडे आले. मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटलं, मला राज्याभिषेक झाला.

राज्य एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वात बदलायची होती म्हणून मी ओला थर्मामीटर खिळ्यावरून काढला. तो हातात आल्यावर मला आत्याचं भाषण करून बघण्याची इच्छा झाली. खिडकीतून न दिसणाऱ्या विहिरीच्या कठड्यापुढे उभी राहिले, पेरूच्या झाडाला "माननीय अध्यक्ष" म्हटलं, आणि "या नौपाड्यात" असं म्हणत छडी फिरवावी तसा हात फिरवला. टिक् असा एक बारीक आवाज आला, बस्स. फुगा गेला. कठड्यावर पाऱ्याचे मणी पळायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, पहिला क्षणभर मला ते फार सुंदर वाटले. एकाला बोटाने ढोसलं की त्याचे दोन होत, दोन भेटले की एक. 

"कुमुद," खिडकीतून आवाज आला. "साडेसात झाले. सुका किती?"

मी सुका वाचला. खरा.

"आणि ओला?"

मी तुटक्या नळीकडे बघितलं. सुक्यातून चार वजा केले. "बहात्तर," मी म्हटलं. पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला आणि माझं खोटं वहीत गेलं.

पाऱ्याचे मणी मी पेरूच्या पानाने गोळा करून काड्यापेटीत भरले. तुटक्या टोकाला नवी वात अशी गच्च गुंडाळली, की आत फुगा आहे असं वाटावं. दुपारी सांगायचं ठरवलं. दुपारी आत्या भाषणाचा कच्चा मसुदा आईला वाचून दाखवत होती आणि इतकी खुशीत होती, की माझी जीभ उचलेना. दुपारी मी बारा वजा केले, संध्याकाळी सहा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून तर मला त्याचा सराव झाला. आजही मला कधी कधी वाटतं, खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला त्या वयात कळायला नको होतं. पण भीतीही होती, सारखी, पायात काटा असावा तशी. चिवडा खाताना, रांगोळी काढताना, सगळीकडे.

पहिला संशय आला तो आईला. मध्येच दोन दिवस आभाळ भरून आलं, अंग चिकट चिकट झालं, आणि आईने चकलीचा डबा उघडून एक चकली वाकवून बघितली. ती मोडली नाही, वाकली.

"वन्सं, हवेत फार ओल आहे का हो?" आईने विचारलं.

आत्याने वही पाहिली. "नाही वहिनी. दुपारी बाराचं अंतर आहे. चांगली कोरडी हवा आहे."

"मग माझ्या चकल्या सादळल्या कशा?"

"मोहन कमी पडलं असेल," आत्या म्हणाली, आणि माझ्या आईला आयुष्यात त्याआधी कोणी असं म्हटलेलं नव्हतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त माझ्यामार्फत बोलत होत्या.

मग शनिवारचं पोस्टकार्ड आलं. साठे मास्तरांचे ओले-सुके त्या दोन दिवसांत एकमेकांना चिकटलेले. आत्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि उलट टपाली लिहिलं, "आपली वात मळली असावी. कृपया बदलावी." चार दिवसांनी उत्तर, "वात मंगळवारीच बदलली आहे. आपली तपासावी." आत्याने लिहिलं, "आमच्याकडे आकडे घेणारी मुलगी विश्वासू आहे." हे कार्ड टपालपेटीत टाकायला मीच गेले. पेटीच्या तोंडात कार्ड धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, मागून एक आजोबा म्हणाले, "टाक की गं, चावत नाही ती." त्याचं जे उत्तर आलं ते मला तोंडपाठ आहे. "नौपाड्याच्या हवेला शिस्त फार दिसते. सकाळी चार, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. आमच्या शाळेची घंटाही इतकी नियमित नाही. रविवारी आमची जोडी घेऊन येत आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहू."

आत्या पलंगावर ताठ बसली. "येऊ दे," ती म्हणाली. "वहिनी, रविवारी एक पाहुणे आहेत. भांडायला येताहेत."

"जेवून भांडणार की आधी?" आईने विचारलं. अबोला तिथे संपला.

रविवारी सकाळी साठे मास्तर आले. उंच, किडकिडीत, कान मोठे, त्या उकाड्यात कोटाची सगळी बटणं लावलेली. हातात लाडवांचा पत्र्याचा डबा, त्यात धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली थर्मामीटरची जोडी. आत्या खुर्चीत, पाय स्टुलावर. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मास्तर म्हणाले, "मला वाटलं होतं, आपण पन्नाशीच्या असाल. अक्षरावरून."

"मला वाटलं होतं, आपण हट्टी असाल," आत्या म्हणाली. "तेही अक्षरावरूनच."

अण्णांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते थरथरत होतं.

"कुमुद, यांना पेटी दाखव," आत्या म्हणाली.

अंगण ओलांडायला वीस पावलं. मास्तरांनी पेटीचं दार उघडलं, डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि ओल्या थर्मामीटरकडे बघितलं. नळीत पारा नव्हताच, पेटी तर मी आत्तापर्यंत कोणाला उघडूच दिली नव्हती. त्यांनी एका बोटाने वात हलकेच दाबली. ती आत गेली. त्यांनी दार लावलं, कडी घातली, आणि माझ्याकडे न बघता, पेरूच्या झाडाकडे बघत विचारलं, "किती दिवस झाले?"

"सतरा," मी म्हटलं. 

"मला पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. रोज चाळीस मुलं मला मनाने आकडे काढून दाखवतात. मनातले आकडे फार नीटनेटके असतात." त्यांनी चष्मा खाली घेतला. "मी सांगू की तू सांगतेस?"

"तुम्ही बाहेरच थांबा," मी म्हटलं. हे त्यांना उद्धट वाटायला हवं होतं, पण ते खरंच विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले.

मी आत जाऊन सगळं सांगितलं. छडी, पेरूचं झाड, काड्यापेटी, सगळं. आत्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ती पांढरी पडली होती. आठ दिवसांवर भाषण होतं. सांगून झाल्यावर तिने दोनच गोष्टी विचारल्या, कोणत्या दिवशी आणि किती वाजता. मग वही मागितली. मी खोडरबर पुढे केलं, तर तिने माझा हात बाजूला सारला.

"खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि पुढे सही करायची."

सतरा दिवस, रोजचे तीन. एकावन्न ओल्या आकड्यांवर मी एकेक रेघ मारली आणि प्रत्येक पानाशी सही केली. सही करताना हुंदके येत होते, त्यामुळे त्या पानांवरचं कुमुद हे नाव आजही गटांगळ्या खाताना दिसतं. आत्या खिडकीबाहेर बघत होती.  तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "म्हणजे माझं मोहन बरोबर होतं."

आत्याचे खांदे हलले. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती, आणि मग हसतच रडली, आणि अण्णा वर्तमानपत्र टाकून आत आले, आणि कोणीतरी बाहेर कठड्यावर बसलेल्या पाहुण्यांना हाक मारली. आईने त्यांना चकल्या दिल्या. मास्तरांनी एक खाल्ली, दुसरी घेतली, आणि म्हणाले, "सादळलेल्या नाहीत हो." त्या सादळलेल्याच होत्या. त्यांचं मला माहीत असलेलं हे एकमेव खोटं, आणि मला वाटतं, आईने त्याच क्षणी त्यांना पसंत केलं.

जेवणानंतर आत्या म्हणाली, "भाषण मी रद्द करते. वहीत सतरा दिवस खोटे निघाले हे कळल्यावर लोक काय ऐकणार?"

"कळायला तर हवंच," मास्तर म्हणाले. "सुरुवातच त्याने करा."

तिने तसंच केलं. वाचनालयाचा हॉल भरलेला होता, पुढे पुरुष, मागच्या चार रांगा बायका, आणि दाराशी पाटी बाजूला ठेवून गोमाबाई. आत्या काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "या वहीतले सतरा दिवस खोटे आहेत. ते कसे झाले ते आधी सांगते." तिने माझं नाव घेतलं नाही, घरातली व्यक्ती म्हणाली. पण सगळा हॉल माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं आणि मी परकराच्या घोळात तोंड घालायला जागा शोधत होते. मग तिने तीन वर्षं मांडली, तळं होतं तेव्हाची, बुजलं तेव्हाची, इमारती उठल्या तेव्हाची. इमारती नकोत असं ती एकदाही म्हणाली नाही. झाडं ठेवा, विहिरी बुजवू नका, दोन इमारतींमध्ये वाऱ्याला वाट ठेवा, एवढंच तिचं मागणं.

बांधकामाच्या कमिटीतले एक गृहस्थ उठले. "सतरा दिवस खोटे, हे बाई स्वतःच सांगतात. मग बाकीचं खरं कशावरून?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. आत्याने वहीचं पान उलटलं.  तेवढ्यात मधल्या रांगेत साठे मास्तर उभे राहिले, कोटाची बटणं लावलेली तशीच.

"मी डोंबिवलीचे आकडे घेतो," ते म्हणाले. "हे सतरा दिवस खोटे आहेत हे आम्ही ओळखलं कसं? बाकीची तीन वर्षं खरी होती म्हणून. सगळीच वही खोटी असती तर एकही दिवस सापडला नसता."

 मग दाराशी गोमाबाईने टाळी वाजवली, एकटीने, मोठ्याने, आणि मग हॉल उठला. मी तर इतक्या टाळ्या पिटत होते, की शेजारच्या बाईने माझे हात धरले.

त्याने काय झालं म्हणाल, तर इमारती व्हायच्या तशा झाल्या. कमिटीने एक विहीर तेवढी राखली आणि चार झाडं तोडली नाहीत. अण्णांनाही त्यांचं स्लॅबचं घर मिळालं. मे महिन्यात दुपारी ते ओला पंचा डोक्यावर घेऊन बसत आणि कोणी विचारलं तर म्हणत, डोकं धुतलंय. पुढे तीस वर्षं दर मे महिन्यात त्यांचं डोकं धुतलेलंच असे. आणि डोंबिवली, जिथे कोणी काही बांधणार नव्हतं, तीही हळूहळू आमच्या आकड्यांना गाठत आली. साठे मास्तरांच्या घरापुढचं शेवटचं शेत गेलं त्या आठवड्यात त्यांच्या कार्डावर आकड्यांखाली पहिल्यांदाच एकही ओळ नव्हती. मी आता बाळकुमला चौदाव्या मजल्यावर राहते. खाली गोमाबाईच्या माणसांची शेतं होती. नातू फोनवर बघून सांगतो, आजी, छत्तीस आहे पण अडतीस वाटतंय. मी म्हणते, ओला किती? तो म्हणतो, ते नाही दाखवत.

पण मला सांगायचा आहे तो लग्नाचा दिवस. घरात न काढायचा विषय आत्यानेच काढला, एका सोमवारी कार्ड लिहिताना, मान वर न करता: "दादा, डोंबिवलीचे आकडे आता मीच घ्यावे म्हणते." अण्णांना ते कळायला पाच मिनिटं लागली. आईला आधीच कळलं होतं.

लग्न वैशाखात डोंबिवलीलाच झालं, कारण आमच्या दारात तेव्हा वाळू आणि खडी पडलेली होती आणि साठ्यांकडे मांडव घालायला खळं होतं. शेतं कापून रिकामी झालेली, बांधावर आंबे, वारा असा मोकळा की मुंडावळ्या सारख्या गालांवर उडत होत्या. जेवणं झाली, आणि मास्तरांच्या आईने उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवून सुनेला आत बोलावलं. आत्या दाराशी आली, पाऊल उचललं, आणि थांबली. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"काय झालं?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"अडीच वाजताहेत," मास्तर म्हणाले.

त्यांच्या आईने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. तीन वर्षं त्या पेटीबरोबर संसार केलेल्या बाई त्या, त्यांना समजावून सांगायला नको होतं. "जा, बघून या आधी," त्या म्हणाल्या. "माप काही कुठे जात नाही."

शालू सावरत, उपरणं गाठलेलं तसंच, दोघे खळ्यापलीकडच्या पेटीकडे गेले. वऱ्हाड हसतंय, सनईवाल्याने मध्येच फुंकायचं थांबवलंय, आणि माझी आत्या नव्या नवरीच्या वेषात वाकून आधी सुका वाचतेय, मग ओला. परत आल्यावर सासूने विचारलं, "काय निघालं?" आत्या म्हणाली, "आमच्या नौपाड्यापेक्षा गार असणार." "असणार म्हणजे?" "तिथला आज कोणी घेतला नाही. सगळे इथेच आहेत." आणि माप ओलांडून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला परतलो आणि वही माझ्यापुढे आली, आता ती माझीच होती. आदल्या दिवसाचे तिन्ही रकाने मोकळे. सुका साधारण किती असेल ते मला अंदाजाने सांगता आलं असतं, ओलाही. मी पेन्सिल घेतली, तिन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं: "घरात लग्न. हवा कोणी पाहिली नाही." आणि सही केली, या खेपेला गटांगळ्या न खाता.